दाण्यात काय घालायचं, किती आणि कधी: इंदूर-महू भागातल्या नव्या ब्रॉयलरवाल्यांसाठी

पहिली बॅच घेणाऱ्याच्या हातात पिल्लांआधी पुड्या पडतात. प्रोबायोटिक, एन्झाइम, ॲसिडिफायर, टॉक्सिन बाइंडर, लिव्हर टॉनिक, ‘ग्रोथ’ची बाटली. यातल्या बऱ्याच गोष्टी खरंच कामाच्या आहेत. पण प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे, आणि ते काम तुमच्या शेडमध्ये निघालेलंच नसेल तर पुडीचे पैसे विष्ठेवाटे लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या तुसाच्या अंथरुणात, जातात. ब्रॉयलरच्या एकूण खर्चात ६५ ते ७० टक्के वाटा दाण्याचा असतो, त्यामुळे टनामागे घातलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब विचारायलाच हवा.

हे मार्गदर्शन सांवेर, देपालपूर, राऊ, महू, सिमरोल या पट्ट्यात ५०० ते २००० पक्ष्यांनी सुरुवात करणाऱ्यांसाठी आणि स्वतः दाणा बनवणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या करारावर पिल्लं घेत असाल तर कंपनीच्या दाण्यात स्वतःहून काहीही मिसळू नका. त्यात बहुतेक गोष्टी आधीच असतात आणि दुप्पट मात्रा झाली तर पक्षी मरू शकतात. तुम्हाला पाणी, लिटर आणि पहिल्या आठवड्याचा भाग उपयोगी पडेल.

एका शब्दाबद्दल आधीच सावध करतो. इंदूरच्या मंडीत ‘डीओसी’ म्हणजे तेल काढलेली सोयाबीन पेंड. हॅचरीवाला ‘डीओसी’ म्हणतो तेव्हा त्याला एक दिवसाचं पिल्लू म्हणायचं असतं. फोनवर ऑर्डर देताना पूर्ण शब्द वापरा. इथे डीओसी म्हणजे सोयाबीन पेंडच.

आतडं म्हणजे नेमकं काय सांभाळायचं

दाणा चोचीतून आधी क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत जातो, मग ग्रंथी असलेल्या जठरात आणि तिथून गिझर्डमध्ये, म्हणजे दाणा दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत. गिझर्डमध्ये पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ ते ३.५ असतो. ही आम्लता आणि दळण्याची ताकद नीट असेल तर बरेच घातक जंतू तिथेच संपतात आणि प्रथिनांचं पचन सुरू होतं. पुढे लहान आतड्यात पीएच ६ ते ७ होतो आणि शोषण होतं. दाणा आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळा मिळून काही तासांचाच खेळ आहे. जे पचलं नाही ते खालच्या आतड्यातल्या जंतूंना मिळतं. न पचलेलं प्रथिन क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंचं खाद्य बनतं आणि तिथून विष्ठा पातळ होणं, लिटर ओलं होणं, अमोनिया, पायाला जखमा अशी साखळी लागते. म्हणून आतड्याचं काम पूरकाच्या पुडीपासून सुरू करू नये. पाणी आणि कच्चा माल आधी.

पायरी १: पाणी

पक्षी दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. बोअरचं पाणी वापरण्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या: टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू). टीडीएस १००० च्या आत असावा. कोलिफॉर्म निघाले तर कोणतंही प्रोबायोटिक घालण्याआधी क्लोरीन.

१००० लिटरच्या टाकीला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण १० ग्रॅम लागते. ती थेट टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं टाकीत ओता. खाली बसलेला चुना निपल, म्हणजे पक्षी ज्यातून पाणी पितो ते नळीचं तोंड, बंद करतो. मग पट्टीने क्लोरीन मोजा, टाकीत नाही, शेवटच्या निपलवर. तिथे २ ते ३ पीपीएम (दहा लाखात २-३ भाग) दिसलं पाहिजे. टाकीत भरपूर आणि टोकाला शून्य दिसत असेल तर पाइपच्या आत चिकट थर साचलेला आहे, तो क्लोरीन खाऊन टाकतो.

ॲसिडिफायर (आम्लता वाढवणारं द्रावण) पाण्यातून द्यायचा असेल तर लेबलवरचं ‘१ मिली प्रति लिटर’ डोळे मिटून पाळू नका. कठीण पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल गिळतो, म्हणून दोन गावांत मात्रा वेगळी लागते. १० लिटर पाणी बादलीत घ्या, ॲसिडिफायर २ मिलीच्या टप्प्यांनी घाला, ढवळा, प्रत्येक वेळी पीएच पट्टी बुडवा. ४ ते ४.५ आला की थांबा आणि तोच हिशेब टाकीला लावा. ४ च्या खाली गेलं की पक्षी पाणी कमी पितात आणि जस्ताच्या पाइपना गंज चढतो. पहिल्यांदा आम्ल दिल्यावर पाइपमधला थर सुटून निपलमध्ये अडकतो. त्या दिवशी लाइन जोरात धुवून काढा आणि प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहा.

दाट ॲसिडिफायर आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसाला घेऊन जातो.

पायरी २: मका आणि सोया

नवा माणूस सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतो आणि त्याला ते कळतही नाही.

मक्यात ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या वर नको. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निमाडचा आणि धारकडचा नवा मका येतो तेव्हा तो स्वस्त आणि ओला असतो. मंडीत उभ्या उभ्या करायची तपासणी अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या पुढे आहे. असा मका उन्हात वाळवल्याशिवाय गोदामात भरला की बुरशी धरतो. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) धरली जाते आणि हे विष डोळ्यांना दिसत नाही. मका वरून स्वच्छ असूनही आत विष असू शकतं, म्हणून मोठा माल घेताना प्रयोगशाळेचा आकडा मागा. पोती भिंतीपासून फूटभर लांब आणि लाकडी फळ्यांवर ठेवा.

आता सोया. इंदूर सोयाबीनच्या मुलखात आहे, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथेच आहे, शेतात पीक आहे. त्यामुळे घरचं कच्चं सोयाबीन दळून दाण्यात घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. कृपा करून हे करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं. ते प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, स्वादुपिंड फुगतं, वाढ थांबते आणि न पचलेलं प्रथिन खाली जाऊन तेच क्लॉस्ट्रिडियम पोसतं. इंदूरच्या संस्थेची एनआरसी १२७ ही जात कुनिट्झ प्रकारच्या इनहिबिटरशिवायची आहे हे खरं. पण सोयाबीनमध्ये बोमन-बर्क नावाचं दुसरं इनहिबिटरही असतं, त्यामुळे उष्णतेची प्रक्रिया त्या जातीलाही सुटत नाही.

डीओसी नीट भाजलेली आहे का हे युरिएज चाचणीवरून कळतं. पीएचमधला फरक ०.०५ ते ०.२० असेल तर माल चांगला. ०.२० च्या वर म्हणजे कच्चा. ०.०५ च्या खाली म्हणजे बहुधा जास्त भाजलेला, त्यात लायसिन जळून जातं. दुसरा आकडा पोटॅश द्रावणातल्या प्रथिनाच्या विद्राव्यतेचा असतो, तो ७३ ते ८५ टक्के हवा. हे दोन आकडे पुरवठादाराकडून दर खेपेला घ्या. रंगही काही सांगतो: फिकट सोनेरी-पिवळी पेंड ठीक, तपकिरी आणि करपट वासाची परत पाठवा.

दळताना चाळणी स्टार्टरला ३ मिमी आणि फिनिशरला ४ ते ५ मिमी ठेवा. पिठासारखा बारीक दाणा गिझर्डला काही कामच ठेवत नाही, ते लहान आणि ढिलं राहतं. भरड दाण्याने गिझर्ड मजबूत होतं, आम्लता टिकते आणि पचन सुधारतं. चाळणी बदलायला जेवढा खर्च येतो तेवढाच. आतड्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

दाण्याचे टप्पे: १ ते १० दिवस प्री-स्टार्टर, ११ ते २१ स्टार्टर, २२ पासून विक्रीपर्यंत फिनिशर. भारतीय मानकात प्रथिन अनुक्रमे २३, २२ आणि २० टक्के, तर ऊर्जा ३०००, ३१०० आणि ३२०० किलोकॅलरी प्रति किलो आहे. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना दोन-तीन दिवस दोन्ही दाणे मिसळून द्या. अचानक बदललं तर विष्ठा पातळ होते आणि आजार समजून लोक औषध सुरू करतात.

पायरी ३: पहिले सात दिवस

आतड्यातल्या शोषणाच्या बारीक बोटांची, म्हणजे ‘व्हिलाय’ची, वाढ पहिल्या आठवड्यात सर्वांत वेगाने होते. दाणा जितका लवकर पोटात जाईल तितकी ती चांगली होते. या दिवसांत राहिलेली उणीव नंतर पुडीने भरून निघत नाही.

पिल्लं येण्याआधी २४ तास ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा हीटर) चालू करा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. माळव्यात जानेवारीच्या रात्री पारा खूप खाली जातो आणि पहाटे चार-पाचला ब्रूडर कमी पडतो. थंडी लागलेलं पिल्लू दाण्याकडे जात नाही, ढीग करून बसतं. कागदावर दाणा पसरा, पाणी आधी द्या, दाणा लगेच मागोमाग. गूळपाणी द्यायचं तर लिटरला २० ग्रॅम, पहिले काही तास, बस्स. दिवसभर गोड पाणी दिलं तर मागची बाजू चिकटते.

मग क्रॉप तपासा. ८ तासांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ३०-४० पिल्लं उचला आणि गळ्याखाली हलकं दाबून पाहा. दहापैकी आठांची पिशवी भरलेली हवी, २४ तासांनी जवळपास सगळ्यांची. मऊ, लापशीसारखी लागली तर दाणा आणि पाणी दोन्ही गेलंय. टणक लागली तर पाणी मिळालेलं नाही. नुसती फुगलेली, पाण्याने भरलेली असेल तर दाणा सापडलेला नाही. कारण कळलं की उपायही तिथेच असतो: ड्रिंकरची उंची, उजेड किंवा गरमी.

सातव्या दिवशी वजन करा. ४० ते ४२ ग्रॅमचं पिल्लू चौपटीच्या वर, म्हणजे १७० ग्रॅमच्या पुढे गेलं पाहिजे. गेलं नाही तर महागडं पूरक शोधण्याआधी ब्रूडिंगची वही उघडा.

पायरी ४: कोणतं पूरक, कशासाठी

*प्रोबायोटिक.* चांगल्या जंतूंनी जागा आधी धरली की वाईटांना ती मिळत नाही. पावडर घेताना तीन गोष्टी वाचा: जंतूचं पूर्ण नाव, ग्रॅममागे किती सीएफयू (जिवंत जंतूंची मोजणी), आणि तो आकडा बनवल्याच्या दिवसाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत लॅक्टोबॅसिलस फार टिकत नाही. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस बीजाणू बनवतात, म्हणून गरमी आणि पेलेटिंग (दाण्याच्या गोळ्या बनवणं) सहन करतात. आपल्याकडे दाण्यात घालायला हेच बरे. ग्रॅमला १०० कोटी सीएफयूचं उत्पादन टनाला ५०० ग्रॅम घातलं तर किलोमागे ५० कोटी पडतात, एवढी मात्रा पुरेशी आहे.

ताकाबद्दल नेहमी विचारलं जातं. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांना मातीच्या भांड्यात पातळ ताक दोन तास ठेवलं तर चालेल, नंतर भांडं धुवा. ब्रॉयलरच्या निपल लाइनमध्ये ताक अजिबात नको. ते पाइपमध्ये कुजतं, माश्या येतात आणि त्यात किती जंतू आहेत हे मोजताही येत नाही.

*प्रीबायोटिक.* यीस्टच्या पेशीभित्तीपासून बनलेलं एमओएस टनाला ५०० ग्रॅम ते २ किलो. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या काही जाती त्याला चिकटून बाहेर जातात. पहिल्या तीन आठवड्यांत याचा उपयोग जास्त.

*आम्लं आणि ब्युटिरेट.* दाण्यातून फॉर्मिक-प्रोपिऑनिक प्रकारचं मिश्रण टनाला १ ते ३ किलो. प्रोपिऑनिक आम्ल दाण्यातली बुरशीही रोखतं, म्हणून पावसाळ्यात दुहेरी उपयोग. ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या भिंतीतल्या पेशींचं खाद्य आहे. आवरण नसलेलं ब्युटिरेट क्रॉप आणि गिझर्डमध्येच संपतं, म्हणून आवरणवालं घ्या, टनाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. आणि हे लक्षात असू द्या की दाण्यात चुनखडी जास्त झाली तर ती आम्ल मारून टाकते. आम्लावर खर्च करण्याआधी कॅल्शियमचं प्रमाण तपासा.

*एन्झाइम.* नव्या माणसाला पैशात सर्वांत लवकर परतावा देणारी वस्तू म्हणजे फायटेज. मका-सोयातलं बरंचसं फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेलं असतं, फायटेज ते सोडवतं. मात्रा किलोमागे ५०० युनिट. ग्रॅमला ५००० युनिटचं उत्पादन असेल तर टनाला १०० ग्रॅम. पण फायदा तेव्हाच, जेव्हा तुम्ही डीसीपी (फॉस्फरससाठी घालायचं डायकॅल्शियम फॉस्फेट) टनाला ५ ते ६ किलोने कमी कराल. डीसीपी तेवढंच ठेवून वर फायटेज घालणारे एकाच वस्तूचे दोनदा पैसे देतात. प्रथिन पचवणारं प्रोटीएजही चांगलं, पण कच्ची डीओसी सुधारायचं साधन म्हणून ते वापरू नका.

*टॉक्सिन बाइंडर.* टनाला १ ते २ किलो. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगलं पकडते, टी-२ सारखी बाकीची विषं तिला जवळपास सुटून जातात. सडका मका बाइंडर घालून खाऊ घालता येत नाही. बाइंडर हा शंकेसाठी आहे, खात्रीने खराब मालासाठी नाही.

*वनस्पतीजन्य.* ओव्यात थायमॉल असतं, ओरेगॅनोच्या तेलात कार्व्हाक्रॉल, आणि दोन्ही जंतूंवर काम करतात. मंदसौर-नीमचकडचा लसूण आणि ओवा आपल्याला जवळून मिळतो, हळदही. दळलेली हळद टनाला २.५ ते ५ किलो घातली जाते. अडचण एकच: प्रत्येक पोत्यात तेलाचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून एका बॅचला दिसलेला फायदा पुढच्या बॅचला दिसेलच असं नाही. रंग लावलेली हळद घेऊ नका, पिवळ्या रंगात शिसं असू शकतं. लसूण विक्रीपूर्वी काही दिवस थांबवा.

*मोरचूद* अंदाजाने टाकू नका. जास्त झालं की गिझर्डचं अस्तर जळतं आणि पक्षी दाणा सोडतात.

*कॉक्सीची औषधं*, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगावरची, पूरकात मोडत नाहीत, पण त्याच पोत्यात जातात म्हणून सांगायला हवं. सॅलिनोमायसिन ६० पीपीएम, म्हणजे १२ टक्क्यांचं उत्पादन टनाला ५०० ग्रॅम. दुप्पट झालं तर पक्षी लंगडतात, मरतात. सॅलिनोमायसिन चालू असताना टायम्युलिन हे अँटिबायोटिक देऊ नका, दोन्ही मिळून विषबाधा होते. आणि शेजारी वरातीची घोडी बांधलेली असेल तर तिला या दाण्याचं उष्टंही मिळता कामा नये. घोड्यांना हे औषध अगदी थोडंही मारक आहे.

*वाढीसाठी अँटिबायोटिक* नको. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती बंद केली. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनला कोंबड्यांसह खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत मनाई झाली. जुन्या साठ्यातली कोलिस्टिनची पुडी कोणी ‘पोटासाठी’ म्हणून दिली तर परत करा. माणसाच्या गंभीर आजारात डॉक्टरांच्या हातात उरणारं ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे.

एकाच वेळी हे सगळं घालू नका. पहिल्या बॅचसाठी फायटेज, एक बॅसिलस प्रोबायोटिक, आणि पावसाळा असेल तर बाइंडर व आम्ल. एवढं पुरे.

पायरी ५: मिसळणं

टनाला १०० ग्रॅम वस्तू थेट मिक्सरमध्ये टाकली तर काही पोत्यांत ती मुळीच जात नाही आणि एखाद्यात ढीग होतो. १०० ग्रॅम आधी १ किलो बारीक मक्याच्या पिठात, ते १० किलोत, ते ५० किलोत, मग मिक्सरमध्ये. प्रत्येक टप्प्यावर हाताने नीट कालवा, हातमोजे आणि तोंडाला फडकं असू द्या. उभ्या मिक्सरला १२ ते १५ मिनिटं, आडव्या रिबन मिक्सरला ४ ते ५ मिनिटं. तेल सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर पावडरीचे गोळे होतात. फावड्याने ताडपत्रीवर मिसळत असाल तर एका वेळी १०० किलोच्या वर घेऊ नका आणि ढीग किमान पाच वेळा जागेवरून हलवा.

कोलीन क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि व्हिटॅमिन खराब करतं. म्हणून ते प्रीमिक्सबरोबर (व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणाबरोबर) डब्यात ठेवू नका, मिसळायच्या दिवशीच दोन्ही एकत्र येऊ द्या. तयार दाणा उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा, पावसाळ्यात आठवड्याचाच बनवा.

कशाशी काय जमत नाही

पाण्यातून प्रोबायोटिक द्यायच्या दिवशी क्लोरीन बंद, नाहीतर तुम्ही विकत घेतलेले जंतू टाकीतच मारता. पाण्यातल्या लसीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी क्लोरीन व ॲसिडिफायर दोन्ही बंद. लसीच्या पाण्यात लिटरला २.५ ग्रॅम सायरहित दूध पावडर घाला. खायचा सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना प्रोबायोटिक वाया जातं, ते कोर्स संपल्यावर तीन-चार दिवस द्या. आणि कॉक्सीसाठी ॲम्प्रोलियम दिलं असेल तर तेवढे दिवस बी-कॉम्प्लेक्स आणि लिव्हर टॉनिक थांबवा. ॲम्प्रोलियम थायमिनची वाट अडवूनच काम करतं, थायमिन ओतलं तर औषध लंगडं पडतं. ही चूक खूप घडते, कारण दोन्ही बाटल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी मिळतात.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की पक्षी धापा टाकतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आतड्याकडचा रक्तपुरवठा कमी होतो. सकाळी ११ ते दुपारी ४ दाणा वर उचला, पाणी गार ठेवा, टाकीवर ओलं पोतं टाका. दाण्यात टनाला बीटेन १ किलो, व्हिटॅमिन सी २०० ग्रॅम आणि खायचा सोडा १ ते २ किलो. २ किलो सोडा घातलात तर मीठ साधारण सव्वा किलोने कमी करा, नाहीतर सोडियम वाढून विष्ठा पातळ होईल. दाण्याची मुख्य वेळ पहाटेची आणि सूर्यास्तानंतरची.

पावसाळ्यात कसोटी लिटरची. तूस ५ ते ७ सेंमी जाड, रोज खालीवर करायचं. मूठभर उचलून दाबा: गोळा होऊन हात उघडताच भुगा झाला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओलं. ओल्या लिटरमध्ये कॉक्सीची अंडी पिकतात. चुना टाकल्यावर कोरडं वाटतं, पण पीएच वाढून अमोनिया सुटतो, म्हणून पक्षी असताना त्याचा हात राखून वापर. निपलखालचं ओलं आधी काढून टाका.

विष्ठा वाचायची कशी

रोज सकाळी शेडच्या पाच जागी बघा. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली. मधूनमधून दिसणारी तपकिरी, चॉकलेटसारखी चिकट विष्ठा सीकमची (आतड्याच्या शेवटच्या बंद पिशव्यांची) असते, तो जुलाब नाही. मक्याचे तुकडे जसेच्या तसे दिसणं, नारिंगी शेंबडासारखा स्राव किंवा रक्त, ही खरी लक्षणं.

मेलेला पक्षी तास-दोन तासांच्या आत उघडला तरच आतडं काही सांगतं, नंतर ते कुजून सगळंच आजारासारखं दिसतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला आडव्या पांढऱ्या रेघा आणि सीकममध्ये रक्त ही कॉक्सीच्या दोन वेगळ्या प्रकारांची खूण. फुगलेलं, पातळ भिंतीचं, आतून टर्किश टॉवेलसारखं खरखरीत आतडं म्हणजे नेक्रोटिक एन्टरायटिस, क्लॉस्ट्रिडियममुळे होणारा आतड्याचा रोग. यापैकी काही दिसलं तर पूरकांचा विचार बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून दोन-तीन ताजे मेलेले पक्षी बर्फावर घेऊन जा, आणि दाण्याचा किलोभर नमुनाही बरोबर न्या.

कडकनाथ पाळणाऱ्यांनी वरचे मात्रांचे आकडे घ्यावेत पण टप्पे घेऊ नयेत. झाबुआचा हा पक्षी, ज्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जातीनेच सावकाश वाढतो. ब्रॉयलरचा २३ टक्के प्रथिनाचा दाणा त्याला देणं हा नुसता खर्च आहे.

पायरी ६: पुडीने काम केलं का, हे मोजणं

‘मागच्या बॅचपेक्षा बरं वाटतं’ हा पुरावा होत नाही. मागची बॅच जूनमधली, ही नोव्हेंबरमधली. शेडच्या मधोमध जाळी लावा, एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं दोन्ही बाजूंना सारखी सोडा, बाजूला किमान १००. एका बाजूला पूरक, दुसरीला तोच दाणा पूरकाशिवाय. दोन्ही बाजूंचा दाणा वेगळा मोजा, मरतुक लिहा आणि दर सातव्या दिवशी दहा टक्के पक्षी तोला.

हिशेब असा करा. समजा पक्षी २.२ किलोचा, एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेला दाणा) १.६५ आणि दाणा ४० रुपये किलो. पूरकामुळे एफसीआर १.६२ झाला, तर पक्ष्यामागे ६६ ग्रॅम दाणा वाचला, म्हणजे २ रुपये ६४ पैसे. पूरक टनामागे ५०० रुपयांचं असेल तर ३.६ किलो दाण्याला १ रुपया ८० पैसे लागले. उरले ८४ पैसे, हजार पक्ष्यांना ८४० रुपये. पूरक टनामागे ८०० रुपयांचं झालं तर हाच फायदा तोट्यात जातो. विक्रेता एफसीआरमधली सुधारणा सांगेल तेव्हा त्याच्यासमोरच हे गणित मांडा.

दोन बॅच सलग फरक दिसला तर ते पूरक ठेवा. दिसला नाही तर बंद करा, आणि वाचलेल्या पैशातून आधी धान्याचा ओलावा मोजणारं यंत्र घ्या.